आर्वीच्या काकूंचं मत

आमच्या गल्लीत यंदा पुन्हा पाट्या लागल्या. सप्टेंबर सरत आला, मेपलची पानं कडेकडेने लाल व्हायला लागली आणि घरांपुढच्या हिरवळीत तारेच्या दोन पायांवर उमेदवारांच्या नावाच्या पाट्या उभ्या राहिल्या. लाल, निळ्या, केशरी. कॅनडातल्या निवडणुकीचा गाजावाजा तो एवढाच. भोंगे नाहीत, रिक्षा नाहीत, रंगवलेल्या भिंती नाहीत. शेजारचे आजोबा हातोडीने पाटी ठोकत होते, मला बघून हसले. मी मान खाली घालून निघून गेले. त्यांना वाटलं असेल, मुलगी दुसऱ्या पक्षाची दिसते. मला तर इथे मतच नाही, मी वर्क परमिटवरची. पण पाटी दिसली की माझ्या कानाला हेडसेटचा तो खरखरीत स्पंज टोचायला लागतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

ते वर्ष दोन हजार अठरा. मी ऑन्टारियो प्रांतातल्या किचनर शहरात कॉलेजला होते आणि एका घराच्या बेसमेंटमध्ये राहत होते. खिडकी जमिनीच्या पातळीला, त्यामुळे फॉल, म्हणजे पानगळ, मला आधी काचेवर साचलेल्या पानांतून कळायचा. त्या वर्षी किंग स्ट्रीटवर ट्रेनचे रूळ टाकून झाले होते, पण ट्रेन धावत नव्हती. आम्ही सगळे चकचकीत रिकाम्या रुळांकडे बघत बसची वाट पाहत उभे राहायचो. हवेत ओल्या पानांचा कुजका गोड वास, वरून हंसांची रांग ओरडत दक्षिणेकडे चाललेली. आईला फोनवर मी हे सगळं वर्णन करून सांगायचे. नोकरी काय करतेस म्हणाली की म्हणायचे, "सर्वेक्षण करते गं, लोकांची मतं घेते." तिला ते फार मानाचं वाटायचं. वर्ध्यात तिने चार जणींना सांगितलंही होतं.

जुन्या कारखान्याच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर ते कॉल सेंटर होतं. ओल्या बुटांचा, शिळ्या कॉफीचा आणि कुणीतरी करपवलेल्या पॉपकॉर्नचा वास. आम्ही चाळीसेक जण, बहुतेक विद्यार्थी. तिथून आम्ही अमेरिकेतल्या एका राज्यातल्या लोकांना फोन लावायचो. राज्याचं नाव सांगत नाही. बाकी सगळं सांगणारच आहे, तेवढं राहू द्या माझ्यापाशी.

निवडणूक होती लेफ्टनंट गव्हर्नरची. ऑन्टारियोतही लेफ्टनंट गव्हर्नर असतात, पण ते नेमलेले, आपल्या राज्यपालांसारखे. समारंभाला येतात, भाषण करतात, फीत कापतात. अमेरिकेत मात्र ही मंडळी निवडून येतात, आणि त्या राज्यात तर गव्हर्नरपासून वेगळी, स्वतःच्या मतांवर. काम काय, तर गव्हर्नरांना काही झालं तर खुर्ची सांभाळायची. अख्ख्या राज्याने मत द्यायचं आणि निम्म्या राज्याला पद ठाऊक नाही. फोनवर लोक विचारायचे, "लेफ्टनंट व्हॉट?" मग फोन ठेवायचे. काही जण आधी शिव्या द्यायचे आणि मग ठेवायचे. एका आजोबांनी मला वीस मिनिटं आपल्या कुत्र्याचं आजारपण सांगितलं. एका बाईंचा नवरा यादीत होता, त्या म्हणाल्या, "तो ऑगस्टमध्ये गेला, पण तू विचार, मी सांगते त्याला काय वाटलं असतं ते." तेव्हा मला हे काम आवडलंही होतं. खोटं कशाला बोलू.

फोनवर मी सारा होते. समोरच्याच्या फोनवर त्याच्याच भागातला नंबर दिसायचा, आणि आपण कुठून बोलतोय ते सांगायचं नाही असा नियम होता. स्क्रीनवर चौदा प्रश्न यायचे. आमचा सुपरवायझर ब्रायन, पन्नाशीचा, पोट सुटलेला, सगळ्यांना टिमबिट्स, म्हणजे डोनटचे छोटे गोळे, आणणारा माणूस. तो म्हणायचा, "जस्ट रीड इट, डिअर. जसं लिहिलंय तसं." पहिले दहा प्रश्न साधे. वय काय, मत देणार का, रस्ते कसे वाटतात. अकरावा प्रश्न कॅरल नावाच्या उमेदवाराबद्दल होता. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बोर्डावर असताना कॅरलने ज्येष्ठांची मोफत बस बंद करायच्या बाजूने मत दिलं असं तुम्हाला कळलं, तर त्यांना मत देण्याची तुमची शक्यता किती वाढेल, किती कमी होईल? खाली पाच गोल बटणं, 'खूप वाढेल'पासून 'खूप कमी होईल'पर्यंत.

मी वर्ध्याची आहे. मतदानाच्या दोन दिवस आधी गावात कुजबुज कशी सोडतात, ते मी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून लहानपणापासून ऐकलेलं. कुजबुजणारा कधी "असं आहे" म्हणत नाही. तो म्हणतो, "असं ऐकलं बा." अकरावा प्रश्न म्हणजे तीच कुजबुज, फक्त तिला शर्टपँट घालून खुर्चीवर बसवलेलं. पहिल्याच संध्याकाळी मला ते समजलं होतं. म्हणून मला काही कळत नव्हतं, मी साधी विद्यार्थिनी होते, ही पळवाट मला नाही. मी ती बरेच महिने वापरून पाहिली, ती बसत नाही.

ऑक्टोबरातली एक संध्याकाळ. बाहेर पाऊस, काचेवर रस्त्यावरच्या दिव्यांचे पिवळे ओघळ. सकाळपासून कॉलेज, मग इथे. सलग बावीस फोन लोकांनी आपटले होते. तेविसावं नाव आलं, वत्सला खानझोडे. मी इंग्रजीत विचारलं, "वत्सला खानझोडे यांच्याशी बोलता येईल का?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला. मग एक आवाज आला, "तू मराठी आहे का गं?"

दुसऱ्या भाषेत बोलायचं नाही असा नियम होता. मी म्हटलं, "हो, काकू."

"तरीच! माझं नाव असं नीट इथं कोणीच नाही घेत. डॉक्टरकडं तर मी उठतच नाही, तीनदा पुकारतात तेव्हा समजते आपल्यालेच बोलावून राहिले. कुठची गं तू?"

"वर्ध्याची."

"अगं माय! मी आर्वीची. वर्ध्यात कुठं?"

"रामनगर."

"रामनगरात तर माझी नणंद होती! जेवली का तू? कुठून बोलून राहिली?"

ऑफिसातून, एवढंच मी सांगितलं. नाव मात्र खरं सांगितलं, मृणाल. दोन महिन्यांनी त्या खोलीत कुणीतरी मला माझ्या नावाने हाक मारत होतं, आणि माझे डोळे भरून आले. ब्रायन माझ्या मागून दोनदा गेला. मराठी ऐकून त्याने भुवई उडवली, मग हातानेच 'चालू दे' म्हणाला. आमच्याकडे पूर्ण झालेला फॉर्म मोलाचा, भाषा नव्हे.

प्रश्न मी मराठीतून विचारत गेले आणि काकू एकेका प्रश्नाला घरभर फिरवून आणत गेल्या. काका गेल्यावर मुलाने इकडे आणलं. मुलगा-सून दिवसभर कामावर, नातू इंग्रजीत बोलतो. मागच्या वर्षी नागरिकत्व मिळालं, आता पहिलं मत द्यायचंय. आणि ते मत कुणाला हे कधीच ठरलेलं आहे. कॅरलला. "अगं, ती आमच्याच गावची. शाळेत शिकवायची आधी. लायब्ररीत दर गुरुवारी आमचा इंग्रजीचा क्लास घेते. नागरिकत्वाचे शंभर प्रश्न तिनंच पाठ करून घेतले माझे. हिवाळ्यात आमची म्हाताऱ्यांची बस बंद झाली नं, तर स्वतःच्या गाडीत घेऊन जाते मले. आता निवडणुकीच्या धामधुमीत तिले वेळ नाही, तर नवऱ्याले पाठवते. ते तिचं पद म्हणजे आपल्या उपसरपंचासारखं, नाही का गं?"

मी हसले. म्हटलं, "तसंच काहीसं." आणि स्क्रीनवर अकरावा प्रश्न आला.

मी तो वाचला, मराठीत, जसा लिहिला होता तसा.

काकूंनी विचारलं, "आमची बस तिनं बंद केली?"

"काकू, हा नुसता प्रश्न..." मी सुरुवात केली. ब्रायन समोर उभा राहून घड्याळाकडे बोट दाखवत होता.

"खरं आहे का गं हे? तू सांग. तू सांगशील ते खरं."

"हो, काकू," मी म्हटलं.

तो शब्द कुठल्याच स्क्रिप्टमध्ये नव्हता. मला कुणी तो लिहून दिला नव्हता, कुणी बोलायला लावला नव्हता. प्रश्न कंपनीचा असेल, पण 'हो' माझा. का म्हटलं, याची कारणं मी पुष्कळ शोधली. वेळ संपत आली होती. फॉर्म कमी भरले की पुढच्या आठवड्यात कामाचे तास कमी मिळायचे. पण खरं कारण याहून किरकोळ आहे आणि म्हणूनच त्याची जास्त लाज वाटते. दिवसभर माझ्यावर कुणीही विश्वास ठेवला नव्हता, आणि या बाईने ठेवला. मला माहीत नाही म्हटलं असतं तर मी पुन्हा एक परकी फोनवाली झाले असते. मला आर्वीच्या काकूंची वर्ध्याची मुलगी राहायचं होतं, आणखी दोन मिनिटं.

"म्हणजे आधी बस बंद केली," काकू हळूच म्हणाल्या, "अन् मग गाडीत बसवून उपकार केले. अन् मी तिले गुरुवारचे गुरुवार थालीपीठ बांधून देत होती." मग म्हणाल्या, "बरं झालं बाई तू सांगितलं. आपलं माणूस ते आपलं माणूस."

मी पाचवं बटण दाबलं. खूप कमी होईल.

ठेवायच्या आधी काकूंनी आपला नंबर सांगितला, दोनदा. तो समोर स्क्रीनवर होताच, तरी मी हातावर लिहून घेतला. ब्रायनने पाठ थोपटली. "दॅट्स रॅपो, गाइज," तो सगळ्यांना म्हणाला, "असं बोलतं करायचं." टिमबिट्सचा डबा त्याने सगळ्यांत आधी माझ्यापुढे धरला. मी चॉकलेटचा घेतला. तेव्हा तो गोड लागला, हेही सांगायला हवं.

दोन दिवसांनी बसमध्ये बसल्या बसल्या मी शोधलं. काउंटीच्या बैठकीचा व्हिडिओ होता. पांढऱ्या केसांची, चष्मा गळ्यात अडकवलेली एक बाई बस वाचवण्याच्या बाजूने बोलत होती. मग मतदान झालं. बस बंद करण्याच्या विरोधात दोनच हात वर गेले, त्यातला एक तिचा. हे शोधायला मला चार मिनिटं लागली. माझा स्टॉप निघून गेला आणि मी दोन स्टॉप पुढे उतरून पावसात मागे चालत आले.

तेव्हा मतदानाला अजून पंधरवडा होता. एक फोन पुरला असता. मी स्वतःला समजावलं की गुप्ततेच्या करारावर सही आहे, स्टडी परमिट जाईल, आणि एका काकूंच्या मताने राज्याची निवडणूक थोडीच फिरते. शेवटचं तर खरंच होतं. कॅरल हरली ती अख्ख्या राज्यातून, एका मताने नाही. मी निकाल बघितला आणि मला, सांगायला लाज वाटते, हायसं वाटलं. म्हटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. बेसमेंटमध्ये पणती लावायची नाही, स्मोक अलार्म वाजतो, म्हणून बॅटरीवरची पणती लावली आणि घरी फोन केला. आई म्हणाली, थोरामोठ्यांना नमस्कार कर. मग मी काकूंना फोन लावला. पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या फोनवरून.

"मृणाल! मले वाटलंच तू करशील. हरली नं ती." काकूंच्या मागे तळणीचा आवाज येत होता. "शनिवारी आली होती दारात. केक घेऊन. मी जाळीचं दार उघडलंच नाही. आतूनच म्हटलं, यू स्टॉप बस. यू नो कम. अगं, पहिल्यांदा मी कोणाले इंग्रजीत सुनावलं! मुलगा म्हणत राहते, आई तुले इंग्रजी जमत नाही. जमते की."

"मग ती काय म्हणाली?"

"काहीच नाही. केक पायरीवर ठेवला अन् गेली. रडली असेल, मले काय दिसलं नाही."

आवाजात कौतुक होतं, स्वतःचं आणि थोडं माझंही. मी सांगून टाकलं. बस तिने बंद केली नव्हती, ती विरोधात होती, मला माहीत नव्हतं तरी मी 'हो' म्हटलं, नंतर कळलं तरी गप्प बसले. सगळं एका दमात, आणि शेवटी तीनदा सॉरी.

तळणीचा आवाज थांबला. काकूंनी गॅस बंद केला असावा.

"माहीत नव्हतं तर सांगितलं कशाले?" त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

मी पुन्हा सॉरी म्हटलं.

"तिच्याशिवाय इथं मले कोण आहे गं," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता तूच सांग तिले. मी सॉरी म्हणू शकते, पण कशाचं सॉरी, ते एवढं मोठं इंग्रजीत नाही जमणार मले. मुलाले सांगितलं तर म्हणन, फोनवाल्यांवर कशाले विश्वास ठेवते. तुझं नाव नाही घेणार मी त्याच्यापाशी. तुले इंग्रजी येते. तूच सांग. नंबर घे लिहून."

त्यांनी कॅरलचा नंबर सांगितला. मी लिहून घेतला.

त्यानंतर मी ती नोकरी सोडली. निवडणूक संपल्यामुळे ती तशीही संपलीच होती, तेव्हा सोडली म्हणण्यातही फार शौर्य नाही. पहिल्या बर्फाच्या दिवशी मी कागदावर काय बोलायचं ते लिहून काढलं. माझं नाव अमुक, मी तुम्हाला ओळखत नाही, पण तुमची एक विद्यार्थिनी आहे. चांगलं लिहिलं होतं. नंबर लावला, एकदा रिंग झाली आणि मी कट केला. मग परीक्षा आल्या. मग नोकरीचे इंटरव्ह्यू, मग परमिटचे कागद. इथे ट्रेन सुरू झाली, मी तिच्यातून कामाला जायला लागले. काकू रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर फुलांचं चित्र पाठवायच्या, शुभ सकाळ. मी हात जोडलेलं चित्र पाठवायचे. कॅरलला करायच्या फोनविषयी त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

लाजेमुळे माणूस सुधारतो असं लहानपणापासून ऐकत आले. जरा लाज धर, म्हणजे नीट वाग. माझा अनुभव उलटा आहे. मला लाज वाटत होती म्हणूनच मी फोन केला नाही. जितके दिवस गेले तितकी लाज वाढली, आणि जितकी लाज वाढली तितका फोन अवघड झाला. निर्लज्ज असते तर पहिल्याच आठवड्यात लावून मोकळी झाले असते. लाज वाटतेय म्हणजे आपण अजून बऱ्या आहोत, असं मी मनाला सांगत राहिले, आणि त्या समाधानावर एक वर्ष काढलं.

यंदाची निवडणूक झाली. आजोबांनी पाटी उपटून गॅरेजमध्ये टाकली. हिरवळीत तारेची दोन भोकं तेवढी उरली, त्यावर पानं साचली. आणि मागच्या रविवारी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, काकूंचा फोन आला. आवाज थोडा बसलेला. चिवडा केला का, थंडी किती पडली, आई कशी आहे. नातवाने रांगोळीवर पाय दिला ते सांगून झालं. मग त्यांनी विचारलं, "मृणाल, तू मागं लावला होता नं गं तिले फोन? सांगितलं होतं नं सगळं?"

विचार करायला वेळ मिळाला असता तर कदाचित मी खरं बोलले असते. पण 'हो' माझ्या तोंडात तयारच होता.

"हो, काकू. सांगितलं होतं."

"मले वाटलंच," काकू म्हणाल्या. "मग ती बोलत काहून नाही गं माझ्याशी? क्लास तर अजून घेते ती. मी जाते आता पायी पायी, मागं बसते. ती सगळ्यांची वही पाहते, माझीही पाहते, पण बोलत नाही. एवढं सगळं समजूनही तिनं मले माफ नाही केलं, म्हणजे मी फारच वाईट बोलली असेन तिले, नाही का?"

मी म्हटलं, "वेळ लागतो, काकू."